ब्लॉक कोपॉलिमर किटचा रिव्ह्यू: सोन्याचे कण घरात गेलेच नाहीत, उंबरठ्यावर बसले

सात महिने वापरून झालं, चार जणांनी विचारलं "घेऊ का", म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पाचपैकी तीन स्टार. किटमधल्या निम्म्या गोष्टी खरंच भारी आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी माझं जवळजवळ एक अख्खं सेमिस्टर खाल्लं, त्यामुळे तीनच का हे सांगायला जरा वेळ लागणार आहे, धीर धरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, असली किटं विकणारे बरेच आहेत आणि लेबलवरची भाषा सगळ्यांची तीच असते.

डब्यात काय येतं ते आधी. एक पॉलिमर पीएस-पीटूव्हीपी, म्हणजे पॉलिस्टायरीनची साखळी आणि पॉली-टू-व्हिनाइल-पिरिडीनची साखळी टोकाला टोक जोडलेली (अशा जोडसाखळीलाच ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात), दोन्ही बाजू साधारण ४० हजार रेणुभाराच्या. दुसरं पॉलिमर पीएस-पीफोरव्हीपी, त्यात पॉली-फोर-व्हिनाइल-पिरिडीनची साखळी, २० हजार आणि ५ हजार. मग पीडीपी नावाचा छोटा रेणू, पूर्ण नाव पेंटाडेसिलफिनॉल, मेणासारखे पांढरट खडे. आणि दोन वायल (छोट्या बाटल्या), टोल्युईनमधले सोन्याचे कण, एकीत ४ नॅनोमीटरचे, दुसरीत १२ चे, दोन्हींच्या अंगावर पॉलिस्टायरीनच्या आखूड साखळ्या थायॉलनं (गंधकाच्या टोकानं) चिकटवलेल्या. वरती ठळक अक्षरात दावा: "कण थेट पीएस डोमेनमध्ये जातात." हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी कटकट तिथूनच आहे. (पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, डोमेन म्हणजे त्याचा स्वतःचा थर.)

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. या दोन साखळ्यांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही, पण टोकाला पक्की गाठ आहे त्यामुळे सोडूनही जाता येत नाही, मग एकाच वाड्यात वेगळ्या चुली मांडाव्यात तसं होतं, थर पडतात, एक पीएसचा एक दुसरीचा, दहावीस नॅनोमीटर जाडीचे, आणि हे सगळं आपोआप. किती वैर आहे याचा एक आकडा असतो त्याला काय म्हणतात (हो, त्या ग्रीक अक्षराचं नाव खरंच 'काय' आहे, त्यावर प्रत्येक बॅचमध्ये एक विनोद होतोच), आणि साखळीची लांबी एन. सारख्या लांबीच्या दोन साखळ्या असतील तर काय गुणिले एन १०.५ च्या वर गेलं की थर पडायला लागतात, हा हिशोब लाइबलरनं १९८० मध्ये मांडला. या किटमधलं पॉलिमर त्या रेषेच्या कितीतरी पुढे आहे, म्हणजे थर पडतील की नाही ही चिंता नाही. चिंता वेगळीच आहे, या थरांमध्ये बाहेरचं काही टाकलं तर ते कुठे जाऊन बसतं.

नुसत्या पॉलिमरला पूर्ण मार्क. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, झाकण अर्धवट ठेवून हळूहळू उडू दिलं, मग तीन दिवस क्लोरोफॉर्मच्या वाफेत ठेवलं आणि सॅक्सला दिलं (लहान कोनात विखुरलेले एक्सरे मोजतात, शिखरांच्या जागेवरून थरांचं अंतर कळतं). पहिलं शिखर ०.१५७ प्रति नॅनोमीटरला आलं, २π ला त्यानं भागा, बरोबर ४० नॅनोमीटरची घडी, दोन थरांची जोडी मिळून. म्हणजे एकेक थर २० चा. दुसरं शिखर ०.३१४ ला यायला हवं होतं ते जवळपास गायब आणि तिसरं ०.४७१ ला व्यवस्थित. आमचा एक ज्युनियर ते बघून घाबरला, सॅम्पल बिघडलं म्हणाला. उलट ती चांगली खूण आहे रे बाबा, दोन्ही थर एकाच जाडीचे असले की सम नंबरची शिखरं मावळतात. या गायब शिखराचं पुढे काम पडणार आहे.

आता कण. आणि इथे पहिली चूक माझी की त्यांची हे तुम्हीच ठरवा. सूचनापत्रकात लिहिलंय, वायलमधलं द्रावण सरळ पॉलिमरच्या क्लोरोफॉर्ममध्ये मिसळा. मिसळलं. मस्त वाइन रंगाचं पारदर्शक द्रावण झालं, फिल्मही सुंदर सुकली, कापून टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) पाहिली तर थरांचा पत्ताच नाही, सगळीकडे गोळे गोळे. दोन आठवडे मी पॉलिमरला दोष देत बसले. मग एका संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला की क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो आणि टोल्युईन १११ ला, म्हणजे सुकताना क्लोरोफॉर्म आधी पळून जातो आणि शेवटी मागे राहतं ते टोल्युईन, ते पॉलिस्टायरीनला प्यारं आणि दुसऱ्या साखळीला नकोसं, मग पीटूव्हीपीवाले अंग चोरून गोळा होऊन बसतात आणि तसेच गोठतात. पत्रकात एक ओळ लिहिली असती, "आधी टोल्युईन काढा, कण सुकवून क्लोरोफॉर्ममध्ये परत घ्या", तर माझे दोन आठवडे वाचले असते. तसं केल्यावर थर आले, लगेच. (पूर्ण कोरडे खडखडीत सुकवू नका हं, थोडी ओल राहू द्या, नाहीतर परत सुटे होताना कुरकुर करतात.)

आणि गरम करून अनीलिंगच्या (फिल्म तापवून थर नीट लावून घ्यायच्या) फंदात पडू नका. नुसत्या पॉलिमरला चालतं, पण थायॉलची सोन्यावरची पकड उष्णतेत सैल होते, साखळ्या सुटतात आणि कण एकमेकांना चिकटून ढेकळं होतात. एकदा रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवून बघितलं, सकाळी फिल्मचा रंग लालसरचा जांभळट झालेला. तो रंग दिसला की टीईएमचा स्लॉट रद्द करा, पैसे वाचवा.

तर थर आले. आता मूळ प्रश्न, ४ नॅनोमीटरचे कण कुठे आहेत. फिल्मचे साधारण ६० नॅनोमीटर जाडीचे काप डायमंड नाइफनं काढले, आयोडीनच्या वाफेत ठेवले, त्यानं पिरिडीनवाला थर काळपट होतो आणि पीएस पांढरा राहतो. फोटोत पांढरे करडे पट्टे, आणि त्यांच्या मधोमध नाही, पांढऱ्यातही नाही, करड्यातही नाही, बरोबर कडेकडेनं काळ्या ठिपक्यांच्या रांगा. प्रत्येक पांढऱ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मण्यांची किनार लावल्यासारखी. इतकं देखणं चित्र होतं की पाच मिनिटं आम्ही सगळे नुसते बघत बसलो आणि मग मला लेबल आठवलं. "थेट पीएस डोमेनमध्ये." थेट कुठे, हे तर दारात बसलेत.

एका फोटोवर विश्वास ठेवू नये हे माहीत होतं. काप ६० चा आणि थर २० चा, थर जरा जरी तिरका असला तरी वरचं खालचं एकावर एक दिसतं, मधला कण कडेला दिसू शकतो आणि कडेचा मधे. म्हणून सॅम्पल तिरपं करून करून फोटो काढले, जिथे पट्ट्यांच्या कडा धारदार दिसतात तेवढेच भाग घेतले आणि ठिपके हातानं मोजले, चारशेच्या वर, डोळे फुटायची वेळ आली. बहुतेक सगळे सीमेपासून दोनतीन नॅनोमीटरच्या आत.

पण मला खरी खात्री पटली ती सॅक्सनं. आठवतंय ते गायब असलेलं दुसरं शिखर? कण टाकलेल्या फिल्ममध्ये ते ०.३१४ ला ठणठणीत उभं. विचार करा, ४० च्या एका घडीत सीमा दोन असतात, थर सारखे असल्यामुळे दोन सीमांमधलं अंतर २० चं, म्हणजे सोन्याच्या पानांची घडी ४० ची नाही तर २० ची झाली, आणि एक्सरेला सोनं पॉलिमरपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. कण पीएसच्या मधोमध असते तर पहिलं शिखरही तेवढंच फुगलं असतं, पण पहिलं जवळपास होतं तसंच आणि नेमकं दुसरं वाढलं. टीईएममध्ये आपण फिल्मचा नखाएवढाही भाग बघत नाही, सॅक्सनं अख्खं सॅम्पल एकदम सांगितलं. ज्यांच्याकडे टीईएमचा वेळ कमी आहे त्यांनी हे आधी करा.

मग का बसले उंबरठ्यावर? अंगावर पॉलिस्टायरीन आहे तर पॉलिस्टायरीनकडे जायला हवं ना. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (सांता बार्बरा) क्रेमर आणि पाइन यांच्या ग्रुपनं हेच तर दाखवलं होतं, याच जातीच्या पॉलिमरमध्ये, पीएसचा अंगरखा घातलेलं सोनं पीएसमध्ये, पीटूव्हीपीचा घातलेलं पीटूव्हीपीमध्ये आणि दोन्हींचा मिश्र घातला की सीमेवर. आमच्या कणांना तर एकच अंगरखा. पण अंगरखा विरळ असेल तर? पिरिडीनला सोन्याची भारी ओढ, दोन धाग्यांच्या मधून उघडं सोनं दिसलं की ती साखळी तिथे हात घालणारच. एका बाजूनं पीएस ओढतंय, दुसऱ्या बाजूनं पिरिडीन, कण मधल्या दारात अडकला. त्याच सांता बार्बरात २००६ मध्ये याचा आकडाही निघाला, दर चौरस नॅनोमीटरला साधारण १.६ च्या वर साखळ्या असतील तर कण पीएसमध्ये जातो, १.३ च्या खाली गेलं की सीमेवर.

आता हा आकडा किटच्या सर्टिफिकेटवर हवा की नको? नाही. आकार आहे, यूव्हीचं (प्रकाश शोषणाचं) शिखर आहे, बॅच नंबर आहे, छान लोगो आहे, पण साखळ्या किती दाट ते कुठेच नाही. मग आम्हीच टीजीए (तापवत तापवत वजन मोजणं) केलं. कण नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत तापवले, पॉलिस्टायरीन तुटून उडून गेलं सोनं उरलं, वजनातली घट २४ टक्के. हिशोब सोपा आहे, कोणीही करा. ४ नॅनोमीटरच्या गोळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस नॅनोमीटर, आकारमान ३३.५ घन नॅनोमीटर, सोन्याची घनता १९.३, साखळी २५०० ची. २४ टक्के घट म्हणजे एका कणावर जेमतेम ५० साखळ्या, चौरस नॅनोमीटरला एक. दाट हवं असेल तर घट ३४ टक्क्यांच्या आसपास यायला हवी होती. म्हणजे कणांना जे कपडे घालून पाठवलं त्यात ते दारापर्यंतच जाणार होते, त्यांची काही चूक नाही.

सपोर्टला हे सगळं लिहून पाठवलं, फोटो, सॅक्स, टीजीए, सगळं. दहा दिवसांनी उत्तर आलं, सोबत तेच ब्रोशर. परत लिहिलं. मग फोन आला, एक बाई होत्या, बोलायला चांगल्या होत्या, म्हणाल्या मॅडम आमच्या टेस्टिंगमध्ये पीएसमध्येच जातात. मी विचारलं टेस्टिंग कुठल्या पॉलिमरमध्ये केलं. तर नुसत्या पॉलिस्टायरीनमध्ये! अहो नुसत्या पॉलिस्टायरीनमध्ये दुसरीकडे जायला जागा तरी कुठे आहे.

१२ नॅनोमीटरच्या वायलबद्दल मात्र तक्रार नाही. टीजीए केलं, यांचा अंगरखा दाट निघाला (बॅच वेगळी असणार), आणि फोटोत पांढऱ्या पट्ट्याच्या अगदी मधोमध एका ओळीत चाललेत, दुभाजकासारखे. आकाराचाही हात आहे यात. साखळ्यांची गाठ सीमेवर आणि मोकळी टोकं थराच्या मध्याकडे असतात, मोठा कण मधे बसला तर त्याला जागा द्यायला नुसती टोकं बाजूला सरकली तरी भागतं, कडेला बसला तर साखळ्यांना त्याला वळसा घालून ताणून जावं लागतं आणि ते महागात पडतं. खचाखच भरलेल्या बसमध्ये मोकळ्या हातानं चढलेला माणूस कुठेही दाराबिरात लटकतो, ट्रंकवाल्याला जिथे पाय काढून घेता येतात तिथेच जावं लागतं. २००१ मध्ये थॉम्पसन, गिन्झबर्ग, मॅटसेन आणि बालाझ यांनी हे कागदावर हिशोब करून आधीच सांगितलं होतं, आणि २००३ मध्ये बॉकस्टॉलर वगैरेंनी साडेतीन नॅनोमीटरचं सोनं आणि साडेएकवीसचा सिलिका एकाच पॉलिमरमध्ये टाकून दाखवलं, सोनं सीमेवर, सिलिका मधे. म्हणजे ४ नॅनोमीटरवाल्यांना कपडे नीट घातले असते तरी ते मोठ्यांसारखे मधल्या रेषेत शिस्तीत उभे राहिले असते असं नाही, पीएसभर पसरले असते. एवढा फरक लेबलवाल्यांना सांगता आला असता. एक मात्र, १२ वाले जास्त टाकू नका, थोडे आहेत तोवर गुणी, प्रमाण वाढवलं की थरांतून बाहेर पडून आपलाच वेगळा गट करतात.

आता पीडीपी. हा या किटचा हिरो. ज्याला नॅनोकणांचं काही करायचं नाही त्यानंही फक्त यासाठी पीएस-पीफोरव्हीपी आणि पीडीपी घ्यावं. हा रेणू काजूच्या टरफलाच्या तेलातून येणाऱ्या कार्डानॉलला हायड्रोजन देऊन बनतो, एका टोकाला फिनॉलचं ओएच, मागे पंधरा कार्बनची लांब शेपटी. ओएच पिरिडीनचा हात धरतं, नुसता हायड्रोजन बंध, आणि सगळ्या शेपट्या साखळीला कंगव्याच्या दातांसारख्या लटकतात. कुठे जायचं हा प्रश्नच पडत नाही त्याला, जिथे पिरिडीन तिथे तो. वजनाचा हिशोब पत्रकात चुकीचा नाही पण अर्धवट आहे म्हणून लिहिते, एक ग्रॅम पॉलिमरमध्ये ०.२ ग्रॅम पीफोरव्हीपी, म्हणजे १.९ मिलिमोल पिरिडीन, एकास एक हवं तर पीडीपी ०.५८ ग्रॅम. नुसतं पॉलिमर असताना पिरिडीनवाला भाग पाचवा हिस्सा, म्हणून नळ्या पडतात. ०.५८ ग्रॅम पीडीपी टाकलं की तोच भाग वजनानं जवळपास निम्मा होतो आणि नळ्यांचे थर होतात. एकच पॉलिमर, वजनकाट्यावर रचना बदला. रात्रभर ढवळलं, हळू सुकवलं, पहिल्याच फटक्यात थर. मी तर खूश झाले, महिनाभर कणांनी रडवल्यावर काहीतरी एकदाचं सांगितल्यासारखं वागलं.

बंध झाला की नाही ते आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) बघा, पिरिडीनची ९९३ ची रेघ १००८ च्या आसपास सरकते, ९९३ ला काही शिल्लक दिसलं तर तेवढे हात रिकामे. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते न करता सॅक्सच्या रांगेत उभं राहू नका. पीडीपीची भानगड एकच, उष्णता. पीडीपी स्वतः ५० अंशांच्या आसपास वितळतो आणि फिल्म बरीच गरम केली की हायड्रोजन बंध ढिले पडतात, मग साहेब पिरिडीनचा हात सोडून पीएसमध्येही शिरतात, थरांची जाडी बदलते. छोटा रेणू हलका असतो, फिरायची हौस मोठी, सगळीकडे पसरायला टपलेलाच असतो, एका बंधानं बांधून ठेवलंय म्हणून थांबलाय. काही जणांना हेच हवं असतं, २००९ मध्ये बर्कलीच्या टिंग शू यांच्या ग्रुपनं याच जोडीत नॅनोकण बसवून, तापमानाला प्रतिसाद देणारं मटेरियल केलं, तिथे कण पीडीपीच्या शेपट्यांच्या ओढीनं त्या थरात जातात, कणावर पॉलिमर चिकटवायची कटकटच नाही, नेहमीचा अल्किल (साध्या कार्बन साखळ्यांचा) अंगरखा चालतो. हे किटवाल्यांनी पत्रकात लिहिलं असतं तर मी किट त्या पद्धतीनं सुरू केलं असतं. काम झाल्यावर पीडीपी नको असेल तर इथेनॉलनं धुवून टाका, निघून जातो आणि जागा रिकामी.

पॅकिंग ठीक. वायलचं झाकण पॅराफिल्मशिवाय येतं, टोल्युईन उडून पातळी खाली गेली होती, त्यामुळे लेबलवरची कॉन्सन्ट्रेशन धरून चालू नका, यूव्हीवर बघा.

शेवटी ४ नॅनोमीटरच्या उरलेल्या वायलचं काय केलं ते सांगते. फेकणार होते. मग गाईड म्हणाल्या, सीमेवर बसणारा कण म्हणजे साबणासारखाच ना, जास्त टाकून बघ. टाकला. सीमा स्वस्त झाली की पॉलिमरला ती वाढवायला आवडतं, थर वाकायला लागले, आणि एका प्रमाणाच्या पुढे पट्टे मोडून दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेलं, सलग वेटोळ्यांचं जाळं झालं. क्रेमरांच्या ग्रुपनं २००७ मध्ये दाखवलेलं तेच, पण स्वतःच्या स्क्रीनवर बघणं वेगळं. तिसरा स्टार त्याचा आहे, किटवाल्यांना तो फुकट मिळाला. ज्युनियरनं त्या वायलवरचं "पीएस डोमेनसाठी" मार्करनं खोडून खाली "उंबरठा" लिहिलंय आणि आता ती फ्रीजमध्ये पुढच्या रांगेत असते.